ऊसतोडीच्या वाटेवर मताच्या गप्पा : बीड ते सांगली

विधानसभेची निवडणूक २००९, २०१४ आणि २०१९ अशी तीनही वेळा ऑक्टोबरात झाली. २०२४ साली मतदान २० नोव्हेंबरला आलं आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. दसरा-दिवाळी उरकली की इथले तांडे आणि वाड्या रिकाम्या व्हायला लागतात आणि ऊसतोड कामगारांच्या गाड्या सांगली-कोल्हापूरकडे, काही तर थेट कर्नाटकात जातात. त्याच वर्षी १३ मे रोजी लोकसभेचं मतदान झालं तेव्हा ही माणसं घरी होती. विधानसभेला मात्र मतदार एका जिल्ह्यात आणि त्याचं केंद्र दुसऱ्या, अशी गत होणार हे दिसत होतं.

आम्ही चौघं कुठल्याच पक्षाचे नव्हतो. लोकांशी मतदानाबद्दल बोलायला दिवाळीच्या आसपास पाटोदा, शिरूर कासार, वडवणी आणि धारूर या तालुक्यांत फिरलो आणि नंतर तोडणी सुरू झाल्यावर सांगलीच्या बाजूला कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, गेलो. पुढच्या निवडणुकीला असं फिरू पाहणारे बरेच जण काय-काय लागतं ते विचारतात, म्हणून हे लिहितो आहे.

जाण्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ‘मतदान हा तुमचा पवित्र हक्क आहे’ हे वाक्य बोलायचं नाही. पहिल्याच पारावर एका मामांनी ते आमच्याआधीच म्हणून दाखवलं, शाळेतल्या प्रभातफेरीच्या चालीत, आणि सगळा पार हसला. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, “आज्यानं ऊस तोडला, बापानं तोडला, मी तोडतोय. सरकारं किती आली अन् गेली. कोयता सुटला का?”

आम्ही त्या वर्षीच्या तोडणीच्या दराचं विचारलं. टनाला ३६६ रुपये. आधी २७३ होते, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली. “ती मतानं नाही मिळाली, संपाच्या धाकानं मिळाली,” मामा म्हणाले. त्यांचं बरोबर होतं आणि आम्ही तसं कबूल केलं. अशा वेळी ओढूनताणून मताची बाजू मांडायला गेलात तर गप्पा तिथंच संपतात. आम्ही विचारलं, तुम्ही गेल्यावर पोरं कुठं राहतात? मग गावच्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहाचा विषय निघाला. ते कधी वेळेत सुरू होत नाही, कधी होतच नाही, म्हणून पोरं आजीकडे तरी राहतात नाहीतर फडात जातात. आमच्यातला एक जण म्हणाला, हे जिल्हा परिषदेच्या सदस्याला विचारायला हवं. पारावरून लगेच उत्तर आलं, “सदस्य हाय कुठं?” बीडच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली आणि तेव्हा तिथं प्रशासक होता. ज्यांना आपण ‘उदासीन मतदार’ म्हणतो त्यांना हे सगळं पाठ असतं. त्यांचा राग माहितीतून आलेला आहे, म्हणून आपलं माहितीपत्रक त्यांच्यापुढं फार कच्चं पडतं.

मग बोलायचं काय? खरं सांगायचं तर बराच वेळ काहीच नाही. ऐकायचं. बायकांमध्ये बसलात तर आणखी जास्त. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, मात्र नवऱ्याच्या हातात. गर्भपिशवी काढलेल्या बायकांचा प्रश्न २०१९ साली गाजला, सरकारनं चौकशी समिती नेमली. एक मावशी म्हणाली, “समिती आली, फोटू काढले, गेली. आता तुमी आलाव.” आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि तिला ते अपेक्षितही नव्हतं. आम्ही उठलो नाही, एवढंच. तासाभरानं तिनंच विचारलं, “माझं नाव यादीत हाय का बघा बरं.” तिचं नाव अजून माहेरच्याच यादीत होतं.

यादीचं काम वाटतं त्यापेक्षा खूप मोठं आहे, आणि मत न देणाऱ्यांपैकी किती जण खरोखर निराश आणि किती जण यादीतूनच गळालेले, हे ते केल्यावरच कळतं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. पण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी नोंदणीचे अर्ज थांबतात. दिवाळीत गेलात तर नाव फक्त शोधून देता येतं, लावून देता येत नाही. त्या मावशीला माहेरच्या केंद्रावर जाऊन मत देता येतं हे आम्ही सांगितलं. माहेर दोन गावं पलीकडे होतं म्हणून जमण्यासारखं होतं.

आणखी एक यादी असते तिच्याकडे लक्ष ठेवा. घरोघर फिरताना जे सापडत नाहीत त्यांची गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशी वेगळी यादी बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारे केंद्रस्तरीय अधिकारी) करतात आणि ती मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाच्या टेबलावर असते. ऊसतोडीच्या गावात या यादीत कोण येणार हे सांगायला नको. यादीत नाव आलं म्हणजे मत गेलं असं नव्हे. ओळख जरा जास्त काटेकोर तपासतात आणि मत देऊ देतात. हे माहीत नसलेला माणूस टेबलावरून निमूट परत फिरतो. तसंच आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडण न करता केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा मतदारासाठीची वेगळी कागदी मतपत्रिका, मागायची, ती मिळते.

ओळखपत्राबाबत लोक हमखास रेशनकार्ड काढतात. ते चालत नाही. मतदार चिठ्ठीही ओळख म्हणून चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, मनरेगाचं जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं वा पोस्टाचं पासबुक यातलं काहीही घेऊन जायला सांगा. जॉबकार्ड या भागात बऱ्याच घरांत पत्र्याच्या पेटीत पडून असतं.

भीतीचा विषय कुजबुजत निघतो, शक्यतो निघायच्या वेळी. “बटण दाबलं की त्यांना कळतंय म्हणं.” याचं उत्तर अर्धं देऊ नका. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, तिच्यावर मतदाराचं नाव नसतं. कुणा एकाचं मत कुणालाही कळत नाही. पण मोजणी यंत्रागणिक होते, त्यामुळे त्या केंद्रावर कुणाला किती पडली हे कळतं, आणि एका वाडीचं एकच केंद्र असेल तर वाडीचा कल कळतो. ‘काहीच कळत नाही’ असं सांगितलंत आणि निकालानंतर पुढाऱ्यानं वाडीचा आकडा तोंडावर फेकला, तर पुढच्या वेळी तुमच्यावर कोण विश्वास ठेवील?

नोटाबद्दलही, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या बटणाबद्दलही, असंच. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर तो पर्याय आला. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली नोटा २७,५०० मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता, पण निवडून येणारा निवडून आलाच. विधानसभेत नोटानं निकाल बदलत नाही. स्थानिक संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला, नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. हे जसं आहे तसं सांगायचं. नोटाचा प्रचार करायचा नाही आणि ते बटण लपवायचंही नाही.

‘एका मताने काय होतं’ याला आम्ही एकच आकडा सांगायचो. याच जिल्ह्यात जून महिन्यात लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांनी लागला होता. त्यावर माणसं मनातल्या मनात आपल्या पट्ट्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या मोजायला लागत. पण या आकड्यानं कुणी तयार झालं असं मला वाटत नाही. तयार होत ती पुढच्या साध्या प्रश्नांनी. गाडी कधी भरणार? केंद्र कुठलं? सकाळी जाणार की दुपारी? सोबत कोण? कार्ड कुणाच्या पेटीत आहे? अमेरिकेत न्यू हेवन शहरात १९९८ साली झालेल्या प्रयोगात घरी जाऊन समोरासमोर बोलल्याने मतदान वाढलं, फोनने वाढलं नाही. हे प्रश्न फोनवर विचारून बघा, दुसऱ्या प्रश्नाला समोरचा ‘हां हां’ म्हणून ठेवून देतो.

या सगळ्या फिरण्यात सर्वात महत्त्वाची गाठ मतदाराची नाही, मुकादमाची, म्हणजे उचल देऊन टोळी नेणाऱ्याची. गाडी कधी हलणार हे तो ठरवतो आणि त्याच्यावर कारखान्याच्या तारखेचा दाब असतो. लाखोंची उचल वाटून बसलेल्या माणसाला लोकशाही शिकवू नका. आम्ही एवढंच विचारत होतो, वीस तारखेला सकाळी मत आणि रात्री गाडी, असं जमेल का? जे स्वतः त्याच वाडीतले होते त्यातल्या काहींनी ते केलं. काहींनी नाही म्हटलं आणि कारणं खरी होती. मुकादमाला एकट्याला गाठा, चारचौघांत विचारलंत तर तो हो म्हणेल आणि गाडी पहाटे निघालेली असेल.

आता सांगलीकडचा टप्पा. बीडहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. कोप्यांवर दिवसा जाऊ नका, तिथं म्हातारी माणसं आणि लहान पोरं सोडून कुणी नसतं. पहाटे अंधारात माणसं फडात जातात. दुपारी बायका वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधून चाऱ्यासाठी विकण्याच्या गडबडीत असतात. बोलायला बरी वेळ म्हणजे कारखान्याबाहेर नंबर लागेपर्यंत गाड्या थांबतात ती, किंवा रात्री चूल पेटल्यावर. आधी मुकादमाला सांगून जा, फोटो काढू नका, आणि चपला चांगल्या जाड तळाच्या घाला, तोडलेल्या उसाची खुंटं पाय फाडतात.

इथं माझं मत बदललं. गावात असताना ‘याच’ म्हणणं सोपं होतं. कोपीवर बसून हिशेब केला. एक कोयता दिवसाला दोन-अडीच टन तोडतो. जायला-यायला आणि मत द्यायला दोन-तीन दिवस. मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. महिलांना अर्धं तिकीट आहे, तरी जोडप्याला दीड तिकीट जाणार आणि तेवढंच येणार. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १३५ ब मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देतं, पण टनावर मजुरी घेणाऱ्याला पगारी सुट्टी कुठली, आणि ती नाकारणाऱ्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. टपाली मत सैनिक, निवडणूक कर्मचारी, ८५ वर्षांवरचे आणि दिव्यांग अशांना आहे, यांना नाही. दूरस्थ मतदानासाठी ७२ मतदारसंघ चालवू शकणारं यंत्र आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, बहुतेक पक्षांनी हरकत घेतली आणि ते तिथंच राहिलं. तान्हं पोर घेऊन बसलेल्या बाईला ‘मताला चला’ म्हणणं मला जमलं नाही आणि तुम्हीही म्हणू नका. जे एकटे आहेत, ज्यांना तसंही गावाकडे काम आहे, त्यांच्याशीच तारखेचं बोला.

आणि गाडीची सोय करू नका. मन फार होतं, पण मतदारांची फुकट ने-आण उमेदवाराच्या अंगाशी आली तर तो भ्रष्ट आचार ठरतो आणि तुमची जीप कुणाच्या खात्यावर मोजली जाईल ते सांगता येत नाही. पुढाऱ्यांच्या गाड्या येतात, त्यांचा निरोपही पोचवू नका. ज्यानं-त्यानं आपल्या पैशानं एसटीनं जावं. शेवटच्या रांगेचं एक सांगा, संध्याकाळी सहाला जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतंच. एसटी उशिरा पोचली तरी पाऊण तास आधी उतरलेला माणूस नाउमेद व्हायला नको. मोबाइल केंद्रात नेऊ देत नाहीत, तो सोबतच्याकडे ठेवायला सांगा.

काही जणांनी ‘नाव इकडंच लावून द्या’ म्हटलं. ते करू नका. हंगामापुरतं बाहेर गेल्यानं गावचं राहणं मोडत नाही, नाव मात्र एकाच यादीत असू शकतं. इकडे लावलं तर ग्रामपंचायतीलाही गावात मत उरणार नाही, आणि वाडीत सर्वात चुरशीनं जे मत दिलं जातं ते तेच.

पुढच्या खेपेला जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टात जावं. माणसं घरी असतात आणि मुकादमांची उचल वाटायला सुरुवात झालेली असल्यामुळे तेही गावातच सापडतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांना १८ पूर्ण होणाऱ्यांची नावं लावता येतात, तेव्हा वाडीतल्या पोरांची जन्मतारीख शाळेतून आणून ठेवा. बीएलओ बहुधा अंगणवाडीताई किंवा शिक्षक असतात, पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. नाव शोधायला १९५० हा फोन क्रमांक आहे, पण डोंगरात रेंज नसते, म्हणून त्या भागाच्या यादीची छापील प्रत बरोबर ठेवा. यादी आडनावांवर नाही, घर क्रमांकावर लावलेली असते, शोधायला वेळ लागतो. चष्मा लागत असेल तर न्या.