आमची वाटचाल : घोड्याचं तोंड आणि नांगर

न्यू जर्सीतल्या इझलिनच्या आमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानापासून राहवे गाव गाडीने फार लांब नाही. 1786 मध्ये न्यू जर्सी राज्याने तांब्याची तीस लाख नाणी पाडायचा ठेका तिघांना दिला : वॉल्टर मोल्ड, थॉमस गोड्सबी आणि आल्बियन कॉक्स. त्यांचं आपसात पटलं नाही. मोल्डने मॉरिसटाउनला वेगळी चूल मांडली आणि उरलेल्या दोघांचं काम राहवेच्या गिरणीत चाललं. इझलिन-एडिसनच्या आपल्या मराठी मंडळींना राहवे म्हणजे गाडीचं एक स्टेशन. माझा सगळा धंदा मात्र त्या गिरणीतून बाहेर पडलेल्या नाण्यांवर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी मूळची कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होते. ओतकाम बघून त्यात कुठे ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी आहे, साचा कुठे सरकलाय, हे सांगायचं माझं काम. लग्न होऊन 1999 ला इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. हाताला काम नसणं मला फार जड गेलं. एका शनिवारी कुणाच्या तरी अंगणातल्या विक्रीत बटणांचा पत्र्याचा डबा तीन डॉलरला घेतला. त्यात तळाशी एक काळपट चकती होती. भिंगाखाली धरली तर घोड्याचं तोंड, त्याखाली नांगर आणि कडेने अक्षरं : नोव्हा सीझरिया. म्हणजे लॅटिनमध्ये न्यू जर्सी.

त्या उन्हाळ्यात आबा, माझे सासरे, आमच्याकडे आले होते. उभा जन्म शेतीत गेलेला माणूस. नाणं हातात घेऊन म्हणाले, "सूनबाई, ह्याला दोन रुमणी हायत बघ. आपल्या लाकडी नांगराला एकच असतंय. ह्यो किर्लोस्करी नांगराच्या जातीचा दिसतोय. आणि फाळाच्या म्होरं ही माती चिरायची सुरी." रुमणं म्हणजे नांगर धरायचा दांडा, आणि त्या सुरीला इथे कोल्टर म्हणतात. 1786 च्या काही नाण्यांवर ती कोरलेलीच नाही, आणि संग्राहक त्या नाण्यांना 'नो कोल्टर' म्हणून वेगळं काढतात, हे मला पुढे वाचनालयात कळलं. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता आबांनी जे पाहिलं, ते पाहायला मला महिनाभर पुस्तकं चाळावी लागली.

काम करायचा परवाना मिळाल्यावर 2011 ला फर्म नोंदवली. पहिली चार वर्षं दुकान नव्हतंच. हॉटेलांच्या हॉलमध्ये नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एक टेबल भाड्याने घ्यायचं, नवऱ्याने गाडी चालवायची, मी रात्री जागून पाकिटांवर वर्णनं लिहायची. टेबलाचं भाडं सुटलं तरी आम्ही समाधानी असायचो.

गिऱ्हाईक आलं ते नाण्याची ओळख पटवून घ्यायला. न्यू जर्सीच्या या नाण्यांचे ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे प्रत्येक ठशाचा घोडा वेगळा. फिलाडेल्फियाच्या डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी 1881 मध्ये त्यांची वर्गवारी केली : पुढच्या ठशाला आकडा, मागच्याला अक्षर. आजही आम्ही तोच हिशेब धरतो. शंभराहून जास्त प्रकार आहेत. मला सगळ्यांत प्रिय आहे तो 56-एन. त्याच्या घोड्याचं थोबाड इतकं लांबुडकं की त्याचं नावच 'उंटमुखी' पडलंय. हा प्रकार बरेचदा दुसऱ्या नाण्यावर ठोकलेला सापडतो. कनेटिकट राज्याची तांब्याची नाणी तेव्हा भरमसाट होती आणि न्यू जर्सीच्या नाण्याला भाव जास्त, म्हणून जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारायचा आणि फरक खिशात घालायचा. दिव्याचा उजेड तिरका पाडला की घोड्याच्या मानेखालून कनेटिकटची जुनी अक्षरं वर येतात. एका चकतीवर दोन राज्यं. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी दरवेळी हात थांबतो.

आता खऱ्या-खोट्याचं. ठोकलेलं नाणं आणि ओतलेलं नाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो फाउंड्रीतल्या माणसाला लपत नाही. ठोकताना धातू दाबाखाली वाहतो, अक्षराची भिंत सरळ उभी राहते. ओतताना अक्षराचा पाय गोलसर होतो, पृष्ठभागावर बारीक छिद्रं येतात आणि साच्याच्या दोन पाळ्या जिथे मिळतात तिथे कडेला रेघ उठते. ती रेघ कानसून घालवतात, पण कानशीच्या खुणा राहतात. म्हणून आमच्या दुकानात नाणं आलं की आधी कड बघायची, मग तोंड.

इलेक्ट्रोटाइप हा आणखी एक प्रकार. एकोणिसाव्या शतकात संग्रहातली रिकामी जागा भरायला विजेच्या साहाय्याने तांब्याची पातळ कवचं तयार करत, दोन कवचं जोडत आणि आत शिसं भरत. फसवायचा हेतू असेलच असं नाही. पण तांब्याची घनता 8.9 आणि शिशाची 11.3, त्यामुळे पाण्यात तोलून बघितलं की आतलं गुपित बाहेर येतं. नुसत्या वजनावर मी कधी निकाल देत नाही. कायद्याने न्यू जर्सीचं नाणं 150 ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास हवं होतं, पण खरी नाणीसुद्धा बरीच वरखाली भरतात.

2013 मध्ये मी स्वतः फसले. एका विक्रेत्याकडून 1787 चं नाणं घेतलं. ठोकलेलं होतं, कड चोख होती, वजन बसत होतं. एका निवृत्त शिक्षकांना मी ते माझ्या शब्दावर विकलं. सहा महिन्यांनी दुसऱ्याच माणसाने ओळख पटवायला एक नाणं आणलं. घोड्याच्या नाकपुडीखाली तिरका ओरखडा. तोच ओरखडा, त्याच जागी, तेवढाच लांब, माझ्या जुन्या फोटोत होता. दोनशे वर्षं वेगवेगळ्या खिशांत फिरलेल्या दोन नाण्यांना सारखीच जखम होत नाही. कुणीतरी एका खऱ्या नाण्यावरून ठसा बनवला होता आणि त्या नाण्याचा ओरखडा ठशात उतरला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी शिक्षकांना फोन केला, पूर्ण पैसे परत दिले, नाणं परत घेतलं. तेव्हा ती रक्कम आमच्यासाठी मोठी होती. ते नाणं आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि विकलेल्या-तपासलेल्या प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आम्ही तेव्हापासून जपून ठेवतो. नवीन नाणं आलं की आधी त्या फोटोंशी ताडून बघायचं.

नक्कल म्हटली की लोकांचा चेहरा पडतो. मला तो पडू द्यायचा नसतो. मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधल्या जॉन बोलेन या ठसेकाराने 1860 च्या दशकात दुर्मीळ नाण्यांच्या नकला केल्या. त्यांचं कोरीवकाम इतकं देखणं की त्या नकलांनाच आज संग्राहक आहेत. 1787 च्या फ्युजिओ सेंट या अमेरिकेच्या तांब्याच्या नाण्याचंही तसंच. सूर्यघडी, त्याखाली 'माइंड युअर बिझनेस', मागे तेरा कड्यांची साखळी. रचना बेंजामिन फ्रँकलिन यांची मानतात. हे नाणं मूळ जिथे पाडलं त्या न्यू हेवन गावात त्याचे जुने ठसे सापडले असं सांगून 1860 च्या सुमाराला त्या ठशांची नवी नाणी विकली गेली, पण ते ठसे नवेच बनवलेले होते. या नकलांवर साखळीची कडी बारीक असते, ती दिसली की आमचा हात आधी तिकडे वळतो. गेल्या वर्षी एक बाई वडिलांचं असंच नाणं घेऊन आल्या. त्यांना ते 1787 चं वाटत होतं. ते केव्हाचं, ते का पाडलं गेलं आणि आज त्याला कोण घेतं, हे मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते विकलं नाही, चौकटीत बसवलं.

1973 च्या कायद्याने अमेरिकेत नकलेवर 'कॉपी' असा शब्द ठोकणं बंधनकारक आहे. तो शब्द घासून काढलेली नाणीही येतात. अक्षरं जातात, पण तिथला पृष्ठभाग बशीसारखा खोलगट राहतो. बोट फिरवलं तरी कळतं.

आज दुकानात मी आणि फोटो काढणारी एक मुलगी, शनिवारी नवराही असतो. एक विनंती मात्र आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा करते. घरात जुनं तांब्याचं नाणं सापडलं तर ते देवाच्या तांब्यासारखं चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासू नका. दोन शतकांत चढलेलं काळपट तपकिरी पटल एकदा गेलं की मी ते परत आणू शकत नाही. मऊ सुती कापडात गुंडाळा आणि जसं आहे तसं घेऊन या.