उघडे तंतू

गेल्या जुलैत अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात नव्या बॅचच्या लॅमिनेटचे तुकडे चाचणीत नापास झाले. कार्बन तंतूंच्या कापडात इपॉक्सी रेझिन मुरवून आम्ही हे लॅमिनेट बनवतो. थर एकमेकांवरून सरकवायला लागणारा ताण एरवी ५८ मेगापास्कलच्या आसपास असतो. त्या दिवशी तो ३४ भरला. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून आधी दमट हवेला आणि मग रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर कालवणाऱ्या काकांना दोष दिला गेला. मॅनेजरसाहेबांनी सर्वांदेखत "हार्डनरचे प्रमाण चुकवलेत" असे सुनावले, तेव्हा काका नुसते वजनकाट्याकडे पाहत राहिले.

मला ते पटेना. प्रमाण चुकले असते, तर रेझिन मऊ पडण्याचे तापमान घसरले असते. ते नेहमीइतकेच होते. तंतूंच्या दिशेने घेतलेली ताणचाचणीही उत्तम निघाली होती, आणि आमची फसगत नेमकी तिनेच केली होती, कारण त्या दिशेने भार मुख्यतः तंतू पेलतात आणि रेझिनशी त्यांची पकड सैल असली तरी आकडा फारसा उतरत नाही.

दुपारी तुटलेले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि माझा श्वास रोखला गेला. केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे, ७ मायक्रॉनचे तंतू अगदी उघडे होते आणि ते जिथून सुटले तिथे रेझिनमध्ये गुळगुळीत पन्हळी उरल्या होत्या; पकड चांगली असती, तर रेझिनचे कण तंतूंना चिकटून राहिले असते. भट्टीतून निघालेल्या तंतूचा पृष्ठभाग निष्क्रिय असतो. म्हणून तो विद्युतप्रवाह सोडलेल्या द्रावणातून नेऊन त्याचे ऑक्सिडीकरण करतात; त्यावर हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट येतात, इपॉक्सी त्यांच्याशी बंध जुळवते, आणि वरून तंतू जपणारा सायझिंगचा पातळ लेप देतात. (ही प्रक्रिया अति झाली तर तंतूच कमकुवत होतो.) कापडाच्या नव्या रोलच्या प्रमाणपत्रात ताणबळ होते, वजन होते, पृष्ठभागावरील प्रक्रियेचा उल्लेख कुठेच नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याच डब्यातील रेझिन काकांकडूनच कालवून घेऊन जुन्या रोलवर लॅमिनेट केले आणि रात्रभर ओव्हनमध्ये ठेवले. सकाळी ताण ५७ भरला. पुरवठादाराने फोनवर चूक मान्य केली. मॅनेजरसाहेब स्वतः काकांपाशी जाऊन माफी मागून आले, तर काकांनी एवढेच विचारले, "साहेब, तो रोल बाजूला काढला ना?"