माझाच मेसेज, लिंबू टाकून परत आला

लालबागला चाळीच्या तळमजल्यावर माझं छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्या, एक बेड आणि मदतीला एक मुलगी. मागच्या लग्नसराईतला एक शनिवार डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

लोकांना वाटतं शनिवारी आमच्याकडे फेशियलची गर्दी असते, पण शनिवार थ्रेडिंगचा. फेशियलवाल्या मधल्या वारी दुपारी येतात, घरची जेवणं उरकून, आणि कार्यक्रम असेल तर चार-पाच दिवस आधी, आदल्या दिवशी जाणती बाई चेहऱ्याला हात लावू देत नाही. त्यामुळे दहाच्या सुमारास एक आई आणि मुलगी आल्या आणि म्हणाल्या उद्या साखरपुडा आहे काहीतरी करा, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. मुलीने ओढणी गळ्याभोवती गच्च आवळली होती. ती सोडवली तर हनुवटीखालून गळ्यावर उतरलेले तीन ओघळ, लालसर तपकिरी, कडा अगदी स्पष्ट, शाई सांडून खाली वाहावी तसे. उजव्या कानाजवळ चार बोटं ओढल्यासारखा डाग. एका ओघळावर बारीक फोड.

आई म्हणाली, "आधी दुसऱ्या पार्लरमध्ये दाखवलं, त्या म्हणाल्या ब्लीच मारू, एका दिवसात निघेल." मला इतका राग आला. ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया, चांगल्या कातडीवरसुद्धा आधी थोडंसं लावून पॅच टेस्ट करायची असते, आणि ही बाई फोडांवर मारणार होती! अशांमुळेच रीतसर शिकलेल्या आणि न शिकलेल्या आम्ही सगळ्या लोकांना सारख्याच वाटतो.

मुलीने घरीच फेशियल केलं होतं, म्हणून मला पहिल्यांदा वाटलं वाफेने भाजलं. पण वाफ आधी नाकाच्या शेंड्याला आणि गालाच्या उंचवट्याला लागते, ओघळ पाडत नाही. मग वाटलं पॅकची ॲलर्जी, पण ती पॅक लावला तिथे सगळीकडे उठते आणि प्रचंड खाजते. विचारलं, "खाजतंय का गं?" तर म्हणाली, "नाही ताई, जळजळतंय." तेवढ्यात आईने मोबाईल पुढे केला, "हे बघा, यात लिहिलंय तसंच केलं", आणि माझी नजर मोबाईलवर जायच्या आधी तिच्या हातावर गेली. उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या बेचक्यात तसेच तपकिरी डाग.

"काकू, हे काय झालं?"

"मसाला भाजताना लागलं असेल."

"तुम्ही पण फेशियल केलं होतं का?"

"मी कशाला करतेय! मी फक्त लिंबू पिळून दिलं."

मग मी तो मेसेज वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, डोळ्यांखाली अनामिकेने, दुधावरची साय बाजूला करतो तेवढ्याच हाताने. माझे हातच गार पडले कारण ही ओळ माझी आहे. मी जिच्या हाताखाली शिकले ती बाई हे वाक्य म्हणायची आणि मी ते २०२० मध्ये मोबाईलवर टाईप केलं होतं.

तेव्हा मार्चपासून पार्लर बंद. २८ जूनला सरकारने सलून उघडायला परवानगी दिली ती फक्त केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंगला, त्वचेचं काही करायचं नाही. माझ्या ठरलेल्या बायका फोन करायच्या, चेहरा कसा झालाय बघ गं. म्हणून मी घरी करायची पद्धत लिहून पाठवली, मनापासून, पैसे न घेता. आधी साध्या फेसवॉशने धुवा. तांदळाची पिठी वस्त्रगाळ करून दह्यात, घासायची नाही, ओल्या बोटांनी गोल फिरवायची. वाफ तीनच मिनिटं, पातेलं खाली उतरवून, तोंड वीतभर लांब. मसाज दहा मिनिटं, हनुवटीपासून कानाकडे, गालावरून कानशिलाकडे, कपाळावर भुवईपासून केसांकडे, हात कायम खालून वर. मुलतानी माती गुलाबपाण्यात, आणि ती भेगा पडेपर्यंत वाळवायची नाही, ओलसर असतानाच काढायची, कारण वाळली की कातडीतलं पाणी ओढून घेते. शेवटी मॉइश्चरायझर. महिन्यातून एकदा बस, कातडीचा वरचा थर बदलायला साधारण २८ दिवस लागतात. आणि सगळ्यात खाली, रात्रीच करा, लिंबू लावू नका.

त्या आईच्या मोबाईलमध्ये ही शेवटची ओळ नव्हती. महिन्यातून एकदाच्या जागी आठवड्यातून दोनदा झालं होतं, आणि पॅकच्या आधी नवीन ओळ, अर्धं लिंबू आणि चिमूटभर खाण्याचा सोडा चोळा, नंतर फेसवॉश लावू नका, असर जातो. आपल्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, साडेचार-पाचच्या आसपास, लिंबाचा दोन, सोड्याचा आठच्या वर, म्हणजे एकाच ओळीत दोन्हीकडून मार. मुलीने गुरुवारी सकाळी ते केलं, साध्या पाण्याने चेहरा धुतला, गळ्याकडे लक्ष नाही, आणि दोघी अकराला दादरला खरेदीला गेल्या, रानडे रोडवर दोन वाजेपर्यंत उन्हात.

मी पार्लर मदतीच्या मुलीवर सोडलं आणि टॅक्सी करून दोघींना परळला स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. माझ्या मनात काय आलं ते मी आधी बोलले नाही, आजाराचं नाव सांगणं आपलं काम नाही. डॉक्टरांनी दोघींचे डाग बघितले आणि लगेच विचारलं, लिंबू आणि ऊन? म्हणाल्या, फायटोफोटोडर्मटायटिस. आपल्या कागदी लिंबात सोरालेन जातीची द्रव्यं असतात, ती कातडीवर राहिली आणि ऊन पडलं की कातडी भाजते, आणि दिसायला एक-दोन दिवस लागतात म्हणून कोणाला लिंबू आठवतच नाही. कोडाच्या उपचारात याच जातीचं औषध मोजून देऊन प्रकाश देतात, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे जे डॉक्टर मापात वापरतात ते आपण चेहऱ्यावर अंदाजाने चोळतो, गोरं व्हायला. गोऱ्या रंगाचं हे वेड मी रोज बघते आणि रोज चिडते, मुलीचा रंग छान गव्हाळ, त्याला काय झालं होतं.

साखरपुड्याला बंद गळ्याचा ब्लाऊज शोधला, मी फक्त डोळे आणि ओठ केले, गालाला आणि गळ्याला ब्रश लावला नाही. आई दोनदा म्हणाली थोडं फाउंडेशन लाव ना गं फोटोसाठी. नाही लावलं.

नंतर मी शोधायचा प्रयत्न केला. मुलीला मेसेज मावशीकडून आला, मावशीला भिशीच्या ग्रुपवरून, पुढे पत्ता लागेना. लिंबू कोणी घातलं ते कळलं नाही, आणि ज्या बाईने घातलं तिनेही चांगल्या मनानेच घातलं असणार, तिच्या आजीने सांगितलं असेल. पण मला सलतंय ते वेगळंच. साय बाजूला करायची ओळ इतक्या फोनमधून फिरून एक शब्द न बदलता आली कारण ती डोळ्यांसमोर येते. लिंबू लावू नका ही नुसती मनाई होती, मी कारण लिहिलंच नव्हतं, वाटलं एवढं तर माहीत असतं सगळ्यांना. उन्हाचं लिहिलं असतं, ओघळाचं लिहिलं असतं, तर ती ओळ टिकली असती का? माझ्या जुन्या बायकांना मी कारणासकट नवीन मेसेज पाठवला, पण तो जुना अजून कुठेकुठे फिरत असेल.

मुलगी दर पंधरा दिवसांनी मला गळ्याचा फोटो पाठवते, खिडकीजवळ उभी राहून, मीच सांगितलंय एकाच उजेडात काढ म्हणून. आईच्या हातावरचं आधी गेलं. मुलीचे दोन ओघळ आता शोधावे लागतात, तिसरा, ज्यावर फोड होते तो, कालच्या फोटोतही दिसतोय.