कंपनीबरोबरचा संशोधन करार: माझे पाच महिने एका कलमात गेले

कामाचा आराखडा, उपकरणं, निधीचे हप्ते हे सगळं दोन बैठकांत ठरलं. पुढचे पाच महिने खाल्ले एका वाक्याने: ‘कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाहीत.’ संमती किती दिवसांत द्यायची, याचा उल्लेखच नव्हता. असं कलम राहिलं की प्रयोग संपले तरी शोधनिबंध पडून राहतात आणि पीएचडीचा विद्यार्थी ताटकळतो. उद्योगाशी जोडलेल्या विभागाचे निबंध कमी का, याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. कंपनीच्या विधी विभागाकडून दर वेळी कराराचा तोच मसुदा परत यायचा, त्याचा राग अजून गेलेला नाही.

कंपनीची भीती मात्र रास्त आहे. पेटंटचा अर्ज करण्याआधी निबंध छापला, पोस्टर लावलं किंवा खुली मौखिक परीक्षा झाली, तर शोधाचं नावीन्य जातं आणि पेटंट हुकतं. प्रसिद्धीनंतरही अर्ज करू देणारी भारतीय कायद्यातली १२ महिन्यांची सवलत मोजक्याच प्रसंगी मिळते. तिच्या भरवशावर राहू नका. शेवटी मान्य झालं ते असं: निबंधाचा मसुदा मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने हरकत कळवायची, पेटंटसाठी आणखी जास्तीत जास्त ६० दिवस थांबायचं, उत्तर न आल्यास संमती गृहीत. प्रबंधालाही हीच मुदत. कंपनीने दिलेली गोपनीय माहिती तेवढी वगळायची, नमुन्यांना सांकेतिक नावं द्यायची.

६० दिवस पुरतात, कारण आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून तारीख राखता येते. कम्प्लीट स्पेसिफिकेशनला, म्हणजे शोधाच्या संपूर्ण तपशिलाला, त्यानंतर १२ महिने असतात. पण निबंधातला प्रत्येक दावा प्रोव्हिजनलमध्ये हवाच. जे राहून गेलं, त्याला प्रोव्हिजनल अर्जाची तारीख मिळत नाही.

पेटंटच्या संयुक्त मालकीला पटकन हो म्हणू नका. पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार, वेगळं ठरलं नसेल तर सहमालकाच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. कंपनी मात्र स्वतः उत्पादन करू शकते, नफ्याचा हिशेब न देता. शिवाय शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून मिळणारी पेटंट शुल्कातली ८० टक्के सवलत मोठी कंपनी सहअर्जदार झाली की जाते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: निधीच्या रकमेत जीएसटी धरलाय की वेगळा, हे पहिल्याच पत्रात विचारून घ्या. आणि परिषदेचा सारांश बऱ्याचदा भाषणाच्या आधीच संकेतस्थळावर येतो. म्हणून ते ३० दिवस सारांश पाठवायच्या तारखेपासून मागे मोजा, भाषणाच्या नव्हे.