पॉलिकार्बोनेट दाबताना: चाचणीपासून मॉडेलपर्यंतचा माझा अनुभव

पॉलिकार्बोनेट हे टणक, पारदर्शक प्लास्टिक भाराखाली आणि उष्णतेत कसं विकृत होतं याचं मॉडेल मला बसवायचं होतं. काम समीकरणांचं, पण निम्म्याहून जास्त वेळ गेला तो नमुने तयार करण्यात. आणि तो सत्कारणी लागला असं मी ठामपणे म्हणेन.

एकाच सळईतून कापलेले दोन ठोकळे घेतले. एक तसाच ठेवला, दुसरा १२० अंश सेल्सिअसला भट्टीत मुरवला. या पदार्थाचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो काचेसारखा कडक न राहता रबरासारखा मऊ होतो ते, साधारण १४७ अंश; तेव्हा मऊ पडण्याचा प्रश्नच नाही. तरीही दोन्ही दाबून पाहिल्यावर मुरवलेल्या ठोकळ्याचा यील्ड ताण (ज्या ताणाला पदार्थ हार मानून वाहू लागतो तो) वर गेला आणि यील्डनंतरची ताणातली घसरणही मोठी झाली. पुढे, जास्त विकृतीला, दोन्हींचे ताण-विकृती आलेख एकमेकांवर येऊन बसले. यील्डचा उंचवटा नमुन्याचा उष्णता-इतिहास सांगतो. त्यानंतरची चढण लांब रेणूंच्या साखळ्यांच्या जाळ्याची असते. तेव्हापासून प्रत्येक नमुना आधी काचसंक्रमणाच्या वर तापवायचा आणि मग सगळे एकाच पद्धतीने थंड करायचे, हा नियमच केला.

ताणून पाहण्यापेक्षा दाबून पाहणं सोयीचं, कारण ताणताना नमुना एका जागी बारीक होतो, त्याला मान पडते. दाबताना घर्षणामुळे तो मधे फुगतो. ते टाळायला दोन्ही टोकांना टेफ्लॉनची पातळ फिल्म आणि वंगण.

मॉडेलमधला यील्डचा भाग रसायनशास्त्रज्ञ हेन्री आयरिंगच्या १९३६च्या कल्पनेवर बसवला: विकृतीचा दर वाढला की यील्ड ताण दराच्या लॉगरिदमबरोबर चढतो, तापमान वाढलं की उतरतो. त्याला समांतर रबरासारखी स्प्रिंग, हॉवर्ड आणि थॅकरे यांनी १९६८मध्ये सुचवलेली. स्प्रिंगसाठी अरुडा-बॉइस यांचं १९९३चं आठ साखळ्यांचं रूप घेतलं. ही स्प्रिंग निव्वळ गणिताची सोय नाही. दाबून चपटी झालेली चकती काचसंक्रमणाच्या वर तापवली, तर ती जवळजवळ मूळ उंचीवर परत येते!

वेगाने दाबलेल्या नमुन्यांत मॉडेलचा ताण प्रयोगातल्या ताणाच्या वर राहू लागला. नमुन्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवल्यावर कारण दिसलं: विकृतीच्या कामाची बरीचशी उष्णता होते, आणि सावकाश चाचणीत ती निघून जाते तशी इथे जायला वेळच नसतो. उष्णतेचा हिशेब समीकरणांत घातल्यावर मॉडेलची रेषा खाली आली.

दुसऱ्याचे पॅरामीटर उचलण्याआधी त्यांनी नमुना कसा थंड केला होता ते मी आता शोधतो. ते लिहिलेलं नसेल, तर यील्डनंतरच्या घसरणीचे आकडे मी वापरत नाही.