फळीवरचा स्टीलचा डबा

आज एका घरफोडीच्या ठिकाणी ठसे घ्यायला गेले होते. सत्तरीच्या आजी, घरात एकट्याच. आम्ही पोचेपर्यंत त्यांनी सांडलेले डाळ-तांदूळ भरून ओटा लख्ख पुसून ठेवलेला. "चार माणसं घरात येणार, असा पसारा कसा दाखवू?" ओलं फडकं फिरलं की ठसा गेलाच. पण त्यांना एका शब्दानेही बोलावंसं वाटलं नाही.

वरच्या फळीवरचा एक डबा तेवढा राहिला होता. त्यातच पाटल्या असायच्या. काळी पावडर ब्रशने अगदी हलक्या हाताने फिरवली आणि झाकणाच्या आतल्या कडेला अंगठा उमटला! रेषान् रेष स्वच्छ. फोटो काढला, टेपने उचलून कार्डावर घेतला.

मग घरातले ठसे वेगळे काढायचे म्हणून आजींची बोटं. तीनदा शाई लावली, काही धड उठेना. राखेने घासलेली भांडी, धुणं, जातं... रेषाच झिजून गेल्यात. "माझं काही चुकलं का गं?" म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले.

ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस अधिकाऱ्यांच्या मेहनतीने उभी राहिली. १८९७ साली तिथेच जगातल्या पहिल्या ठसे-केंद्रांपैकी एक निघालं. पद्धतीला नाव मात्र लागलं त्यांच्या साहेबांचं, बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं. मला हे दरवेळी खुपतं.

कार्ड सीलबंद करून दिलंय. निघताना आजींनी माझ्या शाईच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.