आमची वाटचाल : वाफशाचा आकडा आणि त्याची साक्ष

सांगलीत आम्ही शेतातल्या मोजणीसाठी बिनतारी सेन्सर नोड, म्हणजे मोजलेले आकडे रेडिओनं पाठवणारी बॅटरीवरची छोटी यंत्रं, बनवतो. गिऱ्हाईक दोन प्रकारचं: तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातले द्राक्षबागायतदार आणि एम.टेक., पीएच.डी.साठी खऱ्या शेतातला डेटा हवा असलेले विद्यार्थी. बागायतदाराला वाफसा, म्हणजे मुळांना हवी तेवढी ओल आणि हवा, मातीत आहे की नाही एवढं कळलं तरी पुरतं. संशोधकाला तोच आकडा परीक्षकासमोर टिकवावा लागतो. आमचा नोड आज जसा आहे तसा घडला तो या दुसऱ्या गरजेपायी.

सुरुवात २.४ गिगाहर्ट्झच्या झिगबी (कमी अंतराची, कमी विजेची बिनतारी पद्धत) रेडिओंनी झाली. शोधनिबंधांत तीच वाट दिसायची: एका नोडनं दुसऱ्याचा डेटा पुढे द्यायचा, गटप्रमुख आळीपाळीनं बदलायचा. हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांचा २००० सालचा लीच प्रोटोकॉल (नोडनी डेटा कसा पाठवायचा याचे नियम) याच कल्पनेवर उभा आहे आणि विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये आजही हमखास भेटतो. त्यात रेडिओच्या सर्किटला बिटमागे ५० नॅनोज्यूल धरले आहेत. म्हणजे हिशेब रेडिओपुरता. नोड झोपलेला असताना व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर किती खातो, सेन्सर किती खातो, हे त्यात येत नाही. शेतात बॅटरी नेमकी तिथेच संपते.

आमच्या नोडचा हिशेब असा. दर १५ मिनिटांनी एक वाचन, दिवसाला ९६. २० बाइटचं पॅकेट, लोरा (लांब पल्ल्याची, कमी विजेची रेडिओ पद्धत), स्प्रेडिंग फॅक्टर ९ (हा वाढवला की रेंज वाढते, पण वेळही), १२५ किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा: हवेत १८५ मिलिसेकंद. प्रसारणाला १२० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.६ मिलिअँपिअर-तास. सेन्सर वाचायला साधारण ०.३, आणि १० मायक्रोअँपिअरवर झोपण्यात ०.२४. एकूण १.१ च्या आसपास. आता बाजारातला प्रो मिनी हा आर्डुइनोचा छोटा बोर्ड जसाच्या तसा लावा. त्यावरचा पॉवरचा दिवा आणि रेग्युलेटर मिळून ४ मिलिअँपिअर जरी ओढत असले, तरी दिवसाला ९६ मिलिअँपिअर-तास जातात आणि २६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २७ दिवसांत आडवी होते. म्हणून बोर्ड हातात आला की आधी तो दिवा आणि रेग्युलेटर काढायचा, ३.२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी थेट जोडायची आणि सेन्सरचा पुरवठा मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, वाचनापुरताच द्यायचा. प्रोटोकॉलवर सहा महिने घालवण्याआधी हे अर्ध्या तासाचं काम करावं.

२.४ गिगाहर्ट्झ सोडावं लागलं ते वाळव्याकडच्या उसामुळे. लागण होताना जोडलेले नोड ऊस डोक्यावर गेला की एकेक करून गप्प होत. पाण्यानं भरलेली पानं या लहरी शोषून घेतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे, १ वॅटच्या मर्यादेत. तिथे लोरा नीट चालतो. तरी अँटेनाची उंची सुटत नाही. १ किलोमीटरच्या अंतरात मधोमध फ्रेनेल क्षेत्राची (दोन अँटेनांमध्ये लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या ९ मीटरच्या वर जाते, आणि तिचा ६० टक्के भाग मोकळा लागतो. म्हणून गेटवे (नोडचा डेटा घेऊन सर्व्हरला देणारं यंत्र) गच्चीवर किंवा टाकीवर, आणि नोडची अँटेना उसाच्या शेंड्याच्या वर, जीआय पाइपवर. रेंज मिळेना म्हणून फॅक्टर १२ लावणं हा महागडा उपाय आहे: तेच पॅकेट फॅक्टर ७ ला ५७ मिलिसेकंदांत जातं आणि १२ ला १.३ सेकंद घेतं. पाइप दोन मीटरनं वाढवणं स्वस्त पडतं.

सगळ्यात जास्त वेळ मातीनं घेतला. कृष्णाकाठची काळी माती सुकली की भेगाळते. कपॅसिटिव्ह सेन्सरच्या (मातीच्या विद्युत गुणधर्मावरून ओल मोजणाऱ्या) पात्याशेजारी भेग पडली की तो हवा मोजतो आणि ‘कोरडं’ सांगतो. मालक पाणी सोडतो, मुळं गुदमरतात. उलटंही होतं. ठिबकमधून खत सोडलं की मातीतले क्षार वाढतात आणि कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा स्वस्त सेन्सर ओल वाढल्याचं दाखवतो. म्हणून खत सोडल्याची वेळ नोंदवही ठेवून लिहायलाच हवी.

कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलीशी जुळवणं, त्याच शेताच्या मातीवर करतो. माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीनं चाळायची, ५ लिटरच्या डब्यात शेतातल्याइतकीच घट्ट दाबायची, मोजून पाणी घालत पाच टप्पे करायचे. प्रत्येक टप्प्याला डबा झाकून २४ तास ठेवायचा, वाचन घ्यायचं, मग नमुना १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये. वजनातला फरक भागिले कोरडं वजन, गुणिले मातीची स्थूल घनता: ही खरी ओल. कारखान्याचं सूत्र काळ्या मातीला लावून निबंध लिहू नये, असं आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. शेतात बसवताना गिरमिटानं भोक पाडायचं, निघालेल्या मातीचाच चिखल करून ओतायचा आणि पातं त्यात आडव्या दिशेनं, धार वर ठेवून बसवायचं, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. ड्रिपरपासूनचं अंतर सगळ्या नोडना सारखं हवं. एक १० सेंटिमीटरवर आणि दुसरा ३० वर असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही.

स्वस्त पात्यांच्या कापलेल्या कडा उघड्या असतात. तिथून पाणी शिरतं आणि वाचन हळूहळू सरकत जातं, म्हणून कडांना आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भागाला इपॉक्सी देतो. पानाच्या ओलाव्याच्या सेन्सरचा त्रास वेगळा. द्राक्षावरच्या डाउनी या बुरशीरोगाच्या अंदाजासाठी तो लागतोच, पण बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली की त्यावर थर बसतो आणि हवा दमट झाली तरी ‘ओलं’ दिसतं. आठवड्याला मऊ फडक्यानं पुसावा. त्याला सतत डीसी दिला तर तांब्याच्या पट्ट्या खाल्ल्या जातात, म्हणून दर वाचनाला ध्रुव उलटे करतो. ओलाव्यानं नोड मरणं आमच्यापुरतं नाही. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या ग्रेट डक बेटावर २००२ मध्ये पक्ष्यांच्या बिळांपाशी नोड ठेवले होते, तिथेही हेच आडवं आलं.

यातूनच पॅकेटचा आजचा आराखडा ठरला. ओलीचं कच्चं वाचन, मातीचं तापमान, हवेचं तापमान, आर्द्रता, बॅटरीचं व्होल्टेज, पॅकेटचा क्रमांक आणि नोड कितव्यांदा रीसेट झाला तो आकडा. क्रमांकावरून किती पॅकेट हरवली ते मोजता येतं. व्होल्टेजवरून वाचन कोणत्या दिवसापासून संशयास्पद ते कळतं. मातीच्या तापमानाला आम्ही डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर वापरतो. त्याला १२ बिटचं मोजमाप पुरं करायला ७५० मिलिसेकंद लागतात. आधीच वाचलं तर सुरुवातीचं ८५ अंश मिळतं, आणि वायर तुटली की आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. दोन्ही आकडे न गाळता सरासरी काढलेले प्रबंध आमच्या टेबलावर आले आहेत. गाळण्याचं काम नोडवर करू नये. सगळं कच्चं पाठवावं, आणि काय गाळलं ते प्रबंधात लिहावं.

गेटवेची वीज जाते तेव्हाही नोड लिहीत राहतो. नोडवरच्या ४ मेगाबाइटच्या फ्लॅश मेमरीत वर्षाला ७ लाख बाइट, म्हणजे जागा पाच वर्षांहून जास्त पुरते. हंगाम संपला की नोड काढून फ्लॅशमधली नोंद आणि सर्व्हरवरची नोंद क्रमांकानं जुळवायची, कॅलिब्रेशनच्या डब्यात पातं पुन्हा घालून वाचन किती सरकलं ते पाहायचं, आणि तो फरक डेटासोबतच द्यायचा.